आढ्याला टांगलेला देव

बिरूआबा गोदावरीपल्याडच्या वडीगोद्रीला आला तो चार दिवस मेंढरं बसवायला, आणि जन्मभर राहिला. पण आपण इथं राहिलो असं त्यानं कधी कबूल केलं नाही, हीच तर त्या माणसाची गंमत होती. त्याला वारून बरीच वर्षं झाली. अजूनही त्याची लेक सुगंधा त्याची गोष्ट सांगायला लागते आणि हसता हसता मध्येच गप्प होते.

१९८२च्या दिवाळीनंतर तो जत तालुक्यातल्या आपल्या गावाहून निघाला. मेंढरं पुढं, बायको गोपिकाबाई मागं, तिच्या पाठीवर झोळीत दोन वर्षांची सुगंधा, आणि बिरूच्या दोन्ही हातांत देव. नारळाएवढा गोटा, भंडाऱ्यानं पिवळाधमक. त्यांच्या घरची रीतच तशी. वाटेत देव दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, खांद्याला अडकवायचा नाही, आणि भुईला टेकवायचा तर मुळीच नाही. मुक्कामाला फांदीला टांगायचा. कारण देव एकदा भुईला टेकला की तो तिथलाच झाला. मग तो हलत नाही, आणि त्याला आणणाराही हलत नाही.

खतासाठी शेतकरी कळप रानात बसवून घेतात, तसा वडीगोद्रीच्या एका शेतकऱ्यानं, अण्णासाहेबांनी, यांचा कळप बसवून घेतला. त्याच मुक्कामात गोपिकाबाई तापानं गेली. बिरूनं पुढं पाऊल टाकलंच नाही. मेंढरांना चालावं लागतं आणि उद्या शाळा शिकायची त्या पोरीला एका जागी बसावं लागतं. दोन्ही कसं जमावं? मेंढरं न्यायला आलेल्या धाकट्या भावाबरोबर, रायभानबरोबर, गावाकडं धाडून हा अण्णासाहेबांचा सालगडी झाला. देव मात्र घोंगडीच्या तुकड्यात बांधून खोपीच्या आढ्याला टांगलेला.

सुगंधाचं सगळं बालपण त्या गाठोड्याखाली गेलं. दर दसऱ्याला बिरू देवाला भंडारा लावायचा आणि म्हणायचा, "पुढल्या साली जाऊ." की हिची नजर आढ्याकडं गेलीच. शाळा इथं, मैत्रिणी इथं, आई इथल्याच मातीत, आणि कुठल्याही सकाळी हे गाठोडं खाली उतरणार! लग्न ठरायची वेळ आली तेव्हा तिनं हट्टानं वडीगोद्रीतलंच स्थळ धरलं, बाप जवळ राहावा म्हणून. पण दसऱ्याचं ते वाक्य काही चुकलं नाही.

मग सुगंधाला केशर झाली आणि म्हातारा पार विरघळला. दिवस मावळला की नातीला मांडीवर घेऊन तो डोळे मिटायचा आणि गावाकडं निघायचा. "आता गोदावरी उतरलो, केशर. पानी घोट्याला हाये. आता बालाघाटाचा डोंगर चढून राह्यलो. धुकं पडलंय, कोकरू मागं राह्यलं का बघ." केशर त्याच्या मुंडाशाचं टोक धरून धुक्यातून चालायची. सीना नदी यायची, माळावर चांदणं उतरायचं, कुत्री दूर कुठं तरी भुंकायची, मेंढरांच्या पाठींवरनं वारा यायचा. भीमेचा काठ दिसायला लागेतो पोरगी झोपलेली असायची. मग तो तिथूनच वळायचा आणि तिला कडेवर घेऊन सुगंधाच्या दारात यायचा. दार उघडताना सुगंधाला कळायचं नाही, हा आत्ता नेमका कुठून आलाय.

२००३ साली रायभान न्यायला आला. म्हणाला, "दादा, पोरीचं समदं झालं, नात बी बघितलीस. आता कशापायी थांबतूस?" बिरूनं आढ्यावरून देव उतरवला. खोपीतल्या चुलीपाशी सुगंधा भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच थांबला. मग तिनं दशम्या बांधून दिल्या.

स्टँडवर बस लागली होती. रायभान टपावर बोचकी चढवत होता, बिरू दोन्ही हातांत देव धरून खाली उभा. तेवढ्यात आईचा हात सोडून केशर पुढं आली आणि तिनं हात वर केले.

"आबा, घे."

"हात गुतलेत माझे, बाई."

"घे ना."

तीन वर्षांची पोर. देव, रीत, जत तालुका, तिला काय त्याचं! हात वर केले की आबा उचलतो, एवढंच तिला ठाऊक, आणि आजवर ते एकदाही चुकलं नव्हतं. हात तसेच वर राहिले आणि ओठ थरथरायला लागले.

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मग बिरू वाकला, पंक्चरवाल्याच्या टपरीशेजारी दोन्ही हातांनी हळूच देव मातीत ठेवला, आणि नातीला उचलून कडेवर घेतलं.

"दादा! आरं काय केलंस ह्ये!" रायभान वरून ओरडला. स्टँडवरच्या लोकांना कळेना काय बिघडलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, येता का न्हाई? जल्दी बोला." बिरूनं नाही म्हणून मान हलवली. रायभान खाली उतरला, शिव्या देत, डोळे पुसत एकटाच गाडीत चढला. बस गेली.

सुगंधाला आनंद झाला, खोटं कशाला बोलायचं! इतक्या वर्षांची धास्ती एकदम सरली. ती हसतच बापाजवळ गेली आणि तिनं त्याचा चेहरा पाहिला. धूळ खाली बसली होती, रस्ता रिकामा झाला होता, आणि तो अजून तिकडंच बघत होता. आजवर जे विचारायची हिंमत झाली नव्हती, ते तिनं विचारलं.

"आबा, तुला खरंच जायचं व्हतं का?"

"व्हय बाई," तो म्हणाला. "लई जायचं व्हतं."

आणि घसरत चाललेल्या केशरला त्यानं नीट वर घेतलं.