मैदान सांगणारे काका

हायस्कूलच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसाला सगळी शाळा काका म्हणायची. नोकरीच्या कागदावर ते शिपाई होते, पण घंटा द्यायला आणि फायली न्यायला दुसरे दोघे होते. काकांच्या वाट्याला मैदान आलं, आणि पुढची सव्वीस वर्षं मैदानाच्या वाट्याला काका आले. गवत कापायचं, रूळ फिरवायचा, गोलच्या जाळ्या शिवायच्या, सामन्याच्या आदल्या दिवशी दोरी ताणून पांढरी फक्की मारायची. त्यांची रेघ अशी सरळ, की फळ्यावर आकृती वाकडी आली की गणिताचे सर म्हणत, "थांबा रे, काकांनाच बोलावतो."

पण काकांचा खरा अभिमान निराळा होता. सामन्याच्या दिवशी सकाळी ते चपला कुंपणाशी काढून ठेवत आणि अनवाणी सगळं मैदान चालत. टाच कुठं रुतते, खडा कुठं टोचतो, दव कुठं उरलंय, हे सगळं पायांनी वाचून घेत. मग संघाच्या कॅप्टनला बाजूला नेत आणि हलक्या आवाजात सांगत.

"भिंतीकडची कड आज ठणठणीत आहे. तिथं टप्पा पडला की चेंडू साबणासारखा सटकेल, मागे लागू नका, आधीच पुढं जाऊन उभे राहा. मधल्या रेघेपासून डावीकडं उतार आहे. माणसाला दिसत नाही, चेंडूला दिसतो. आणि रस्त्याकडच्या गोलसमोर जाऊ नका."

रस्त्याकडच्या गोलसमोर, वीस पावलांवर, जमिनीखालचा नळ कित्येक वर्षं झिरपत होता. वरून हिरवंगार दिसायचं आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. याला शाळेत 'मैदान सांगणं' म्हणत. संघ बाहेरगावी हरायचा आणि घरी निदान लाज राखायचा, ती या सांगण्यावर.

त्या वर्षी खेळाचे सर नवे आले. तरुण, बोलायला गोड, पोरांच्या खांद्यावर हात टाकून चालणारे. पहिलाच मैत्रीचा सामना परक्या मैदानावर झाला आणि संघ चार गोलांनी हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर कुंपणाशी आले, बूट काढले, मोजे काढले, आणि म्हणाले, "काका, मला शिकवता?"

सव्वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. तीन दिवस सकाळी दोघं अनवाणी चालले. सरांनी चौकटीच्या वहीत सगळं मैदान काढलं. खडक तांबड्या पेनाने, उतार निळ्या, चिखल हिरव्या. काका बोट ठेवत जात, सर रंगवत जात. एका ठिकाणी सरांनी उतार उलटा काढला, तर काकांनी त्यांना पुन्हा तिथवर नेलं, चेंडू ठेवला आणि तो आपोआप डावीकडं सरकेस्तोवर दोघं वाट बघत बसले.

घरी काकांनी बायकोला सांगितलं, "एवढे शिकलेले सर, माझ्याकडून शिकले आज."

"तुमच्या भेगाळलेल्या टाचांकडून म्हणा," ती म्हणाली. "निदान पाय तरी धुऊन गेला होतात का?"

त्यानंतर संघाला जणू डोळे फुटले. घरचे दोन सामने लागोपाठ जिंकले. तिसरा परक्या मैदानावर. तिथं सरांनी काकांनाच बरोबर नेलं. काका भल्या सकाळी त्या अनोळखी मैदानावर चालले, येऊन सांगितलं, आणि एका गोलाने तोही जिंकला. चौथा हरले, कारण गोलकीपरचं बोट मोडलं आणि बदली आलेला पोरगा चेंडू आला की डोळे मिटायचा. पाचवा जिंकले. सहावा बरोबरीत सुटला आणि तेवढ्यावर अंतिम सामना गाठला. शाळेच्या आठवणीत हे पहिल्यांदा घडत होतं. चिठ्ठ्या टाकल्या, तर सामना आपल्याच मैदानावर! पोरांनी काकांना खांद्यावर घेतलं. काका ओरडत होते, "अरे सोडा, कंबर जाईल!" पण उतरायची घाई त्यांनाही नव्हती.

समोर होती पाण्याच्या टाकीजवळची मोठी शाळा. वसतिगृह असलेली, तीन मैदानं असलेली. आणि त्या संघाचा गोलकीपर होता काकांचा नातू, लेकीचा मुलगा. लेक दिली होती त्याच बाजूला, त्यात कुणाचा काय दोष! पोरांना ते ठाऊक होतं आणि त्यावरून चेष्टा चालायची. सगळ्यात उंच बॅक, ज्याला सगळे लंबू म्हणत, विचारायचा, "काका, टाळ्या कुणासाठी वाजवणार?"

"चेंडूसाठी," काका म्हणायचे.

अंतिम सामन्याच्या आधी सर चार दिवस रजेवर गेले. घरचं काही काम आहे म्हणाले. त्याच चार दिवसांत काकांनी एक मोठं काम उरकलं. झिरपणारा नळ एकदाचा दुरुस्त झाला होता, तेव्हा त्यांनी रस्त्याकडच्या गोलसमोरची ओली जागा खणली, तळाशी विटांचे तुकडे घातले, वर मुरूम, वर माती, त्यावर दुसरीकडून उपटून आणलेली गवताची ढेपळं. तीन दिवस त्यावर रूळ फिरवला. चौथ्या दिवशी कॅप्टनला तिथं उभं करून म्हणाले, "उडी मार."

कॅप्टनने मारली. जमीन हलली नाही.

"आता इथनं बिनधास्त घुसा," काका म्हणाले. "पोरांना सांग." सर परतले ते थेट सामन्याच्या सकाळी. जर्सी, पंच, पाहुणे यांच्या गडबडीत त्यांनी मैदानाचं काही विचारलं नाही, आणि काकांनाही वाटलं, पोरांना सांगितलंय, झालं.

सामना सुरू झाला आणि दहा मिनिटांत काका उठून रेघेपाशी आले. समोरची पोरं या मैदानावर पहिल्यांदा खेळत होती, पण खेळत होती अशी, जणू इथंच रांगत मोठी झाली. भिंतीकडं लांब चेंडू मारत आणि टप्पा पडायच्या आत पुढं जाऊन उभी राहत. कॉर्नर मारला तो मुद्दाम उजवीकडं, चेंडू आपसूक उतारावरून गोलसमोर आला, आणि एकाने नुसता पाय लावला. पहिला गोल. अर्ध्या तासात दुसरा, तोही उताराच्याच मदतीने.

आणि मग काकांनी ते पाहिलं. पहिल्या अर्ध्यात समोरची पोरं रस्त्याकडच्या गोलवर चाल करत होती. त्यांचा एक चपळ पोरगा चेंडू घेऊन सुटला, समोर मोकळी वाट, थेट गेला असता तर तिसरा गोल ठरलेला. पण वीस पावलांवर आल्यावर तो वळला. काहीच नव्हतं तिथं, तरी मोठा वळसा घालून गेला, तोवर लंबूने त्याला गाठलं. दुसऱ्यांदा दुसरा पोरगा आला, तोही वळला. तिसऱ्यांदाही तेच. जणू तिथं खड्डा आहे.

खड्डा होता. चार दिवसांपूर्वी होता. वहीत हिरव्या पेनाने रंगवलेला होता.

काकांनी शेजारी उभ्या असलेल्या सरांकडं पाहिलं. सर घड्याळ बघत होते.

मध्यंतरात लंबू पाण्याची बाटली आपटून म्हणाला, "त्यांना भिंतीची कड कशी ठाऊक? उतार कसा ठाऊक? काका, नातवाला गोष्टी सांगता वाटतं झोपताना?"

काही पोरं हसली. काही हसली नाहीत, तेच काकांना जास्त लागलं.

दुसऱ्या अर्ध्यात कॅप्टन सरळ त्या भरलेल्या जागेवरून घुसला. तिथून कुणी येणार नाही अशा भरवशावर समोरच्यांनी ती वाट उघडीच ठेवली होती. नातवाने झेप घेतली, पण चेंडू आत गेला. एक गोल फेडला. दुसरा काही फिटला नाही. शिट्टी झाली, आणि सबंध हंगाम त्या एका गोलात बुडाला.

सामान ठेवायच्या खोलीत पोरं बूट काढत होती. काका दारात उभे होते. लंबू न बघता म्हणाला, "जा काका, नातू वाट बघतोय. मिठी मारा त्याला. कमावलंय त्याने, म्हणजे तुम्हीच."

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही," काका म्हणाले.

"मग कुणी सांगितलं? या मैदानाचं तुमच्याशिवाय कुणाला कळतं? तुम्हीच म्हणता ना!"

खरं होतं. तेच सव्वीस वर्षं ते म्हणत आले होते.

तेव्हा सर उठले. लंबूच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "जाऊ दे रे. काकांना कुणी काही बोलायचं नाही. शेवटी रक्ताचं नातं असतं. बोलता बोलता माणसाच्या तोंडून निघून जातं. माफ करायला शिका."

काकांना आयुष्यात शिव्या पुष्कळ मिळाल्या होत्या, हेडसरांच्या, पालकांच्या, एकदा तर खुद्द जावयाच्या. त्या सगळ्या त्यांनी झटकल्या होत्या. ही माफी काही झटकता येईना.

ते सरांना सोडून कॅप्टनकडं वळले. "एक सांग. पहिल्या अर्ध्यात ती पोरं गोलसमोर वळसा का घालत होती?"

कॅप्टनने मान वर केली. आधी काकांकडं पाहिलं, मग हळूच सरांकडं. त्याच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट उतरत गेलेली काकांना दिसली, जशी फक्की दोरीवरून जमिनीवर उतरते. त्याला कळलं होतं. सर वाकून पिशवीची चेन लावत होते, आणि ती लागत नव्हती.

"माहीत नाही, काका," कॅप्टन म्हणाला.

ऊन कलताना काका मैदानात कोपऱ्यांवरचे झेंडे उपटत होते. कॅप्टन मागून आला.

"काका, वहीचं मला माहीत नव्हतं. आईशप्पथ."

"आणि बाकीचं?"

"सरांची टाकीजवळच्या शाळेत नेमणूक झालीय. ते चार दिवस तिकडंच होते. मला म्हणाले होते, कुणाला सांगू नकोस." तो थांबला. "मलापण नेणार आहेत, काका. वसतिगृहात. जिल्ह्याच्या संघाची निवड तिथूनच होते."

काकांनी झेंडा गुंडाळला.

"हेडसरांना सांगू नका ना," पोरगा म्हणाला. "सरांचं गेलं तर माझंही जाईल."

याला काकांनी सातवीत असताना चेंडू कुठल्या पायाने अडवायचा ते शिकवलं होतं. बूट फाटला तेव्हा जाळीच्या दोऱ्याने शिवून दिला होता. त्यातलं काही ते बोलले नाहीत. तसं बोलणं त्यांना हलकं वाटे.

"बरं," ते म्हणाले. "हेडसरांकडं नाही जात. तू जा तिकडं, खेळ. पण माझं एक कर. सोमवारी सगळे जर्सी परत करायला येतील. तेव्हा सगळ्यांसमोर एवढंच म्हण, काकांनी नाही सांगितलं. कुणी सांगितलं ते नको सांगूस. फक्त काकांनी नाही. जमेल?"

"जमेल, काका. म्हणजे काय, जमेलच!" त्याचे डोळे भरले होते. तो काकांच्या हातातले झेंडे घ्यायला पुढं झाला.

"राहू दे. ते माझं काम आहे."

रविवारी काकांनी दाढी केली. बायको म्हणाली, "लग्नाला निघालात का?" सोमवारी त्यांनी खोली झाडली, टेबल पुसलं आणि मागे हात बांधून उभे राहिले. पोरं आली, जर्सी टाकून भिंतीला टेकून उभी राहिली. सर दारात होते, कुणाशी तरी हसत बोलत. कॅप्टन सगळ्यात शेवटी आला. त्याने जर्सी व्यवस्थित घडी करून टेबलावर ठेवली.

काका त्याच्याकडं बघत राहिले. घाई करायची नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

कॅप्टनने ओठ ओले केले. एकदा दाराकडं पाहिलं.

"काका," तो म्हणाला, आणि सगळी पोरं गप्प झाली. "माझा एक मोजा सापडत नाहीये. घरी राहिला असेल. आणून देतो."

आणि तो सरांच्या बाजूने निघून गेला. सरांनी जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली.

काकांनी जर्सीची घडी उलगडली. आत चड्डी होती, आणि दोन्ही मोजे होते, एकात एक घातलेले, स्वच्छ धुतलेले.

"येतो आम्ही, दोन्हीकडचे काका!" लंबू जाताना म्हणाला. खोलीत हशा पिकला. ते नाव तिथंच चिकटलं. पुढच्या वर्षी पाचवीत आलेली पोरं, ज्यांनी तो सामना पाहिलासुद्धा नव्हता, तीही त्यांना त्याच नावाने हाक मारू लागली, काही वाईट मनात न ठेवता, आणि काका त्या हाकेला ओ देत गेले.