हजेरीपटाच्या क्रमाने

माझी मुलगी शाळेच्या संडासात फिनाईलची बाटली धरून उभी होती. दहा वर्षांची. कुर्त्याच्या बाह्या वर केलेल्या, चपला बाहेर काढलेल्या. डबा घरी विसरली म्हणून मी द्यायला गेले होते. तिच्यासोबत आणखी पाच मुली होत्या. बाकीचा वर्ग आत पाढे म्हणत होता.

प्रज्ञा मला बघून म्हणाली, "मम्मी, आज सफाईची पाहणी आहे ना." तिला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. तेच मला सहन झालं नाही.

इंदूरला सफाईचा फार गर्व. मलाही आहे. ओला कचरा, सुका कचरा माझे हात आपोआप वेगळा करतात. पण याच सहा मुली का? दाराशेजारी यादी चिकटवलेली होती. नावं वाचली आणि ओळखीची वाटली. महिन्याभरापूर्वी नोटीस बोर्डावर शिष्यवृत्तीची यादी लागली होती, त्यातल्या मुली याच. क्रमही तोच. तो फॉर्म जातीचा दाखला जोडून मीच भरला होता. प्रज्ञाचं नाव बोटाने शोधून खूश झाले होते मी.

तिथे काही बोलले नाही. डबा दिला आणि ऑफिसला गेले. विजेच्या ऑफिसात मी तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, आणि स्वतःच्या लेकीसाठी माझं तोंड उघडलं नाही. त्याची लाज आजही वाटते.

शाळेच्या मोठ्या मॅडम मराठीच. प्रवेशाच्या दिवशी मी मराठीत बोलले तर केवढ्या खुलल्या होत्या. "अगबाई, आपल्यातल्या का? कुठल्या तुम्ही?" म्हटलं, महूच्या. आजोबा पलटणीत होते. मग आडनाव विचारलं. ते ऐकलं आणि बाई हिंदीत गेल्या. "ठीक है, फॉर्म उधर से ले लीजिए." त्याला आता चार वर्षं झाली. एक वाईट शब्द बोलल्या नाहीत कधी. जी लावून बोलतात. पण हिंदीत.

घरी नवऱ्याला म्हटलं, काढून टाकू तिला. नाहीतरी तिथे शिकवतं कोण? अर्धे सर कसल्या ना कसल्या सरकारी ड्यूटीवर. गणित चुकलं तरी वहीत बरोबरची खूण. घरीच शिकवू, दहावीला बाहेरून बसवू. तो म्हणाला, "करशील तू. पण थकशील." थकलेली तर मी होतेच. आठवडाभर पाचला उठले. शाळेत वर्षभर न कळलेले अपूर्णांक कागदाच्या पट्टीला घड्या घालून चार सकाळींत कळले तिला. वाटलं, हेच बरं. कटकट संपली. शाळा सोडल्याचा दाखला मागणारा अर्ज लिहिला आणि पर्समध्ये ठेवला.

शनिवारी मॅडमकडे गेले. अर्ज देण्याआधी यादीचं विचारलं. त्या हसल्या. "अरे, इसमें क्या है? इन बच्चियों को घर में आदत रहती है." मग म्हणाल्या, "इतनी तकलीफ है तो घर पर पढ़ा लीजिए ना. आजकल बड़े-बड़े घरों में चलता है."

माझा हात पर्समध्ये होता, अर्जावर. तिथेच थांबला. माझ्याच मनातलं त्या बोलत होत्या, आणि त्यांना ते किती सोयीचं होतं. आजोबा सांगायचे, त्यांच्या वडिलांना शाळेत पायरीवर बसवायचे. ते बसले. हाकललं तरी दुसऱ्या दिवशी जाऊन बसले. आणि मी, कोणी न हाकलता, स्वतःच्या सहीने पोरीला बाहेर काढणार होते. संडास मग पाच जणींनी घासला असता, एवढाच फरक.

मी म्हटलं, "मॅडम, माझ्याशी मराठीत बोला. मुलं संडास साफ करणार नाहीत, त्याला माणूस ठेवा. वर्ग झाडायचा तर सगळी मुलं झाडतील. हजेरीपटाच्या क्रमाने."

त्या म्हणाल्या, "देखते हैं."

खिडकीवर मीही रोज लोकांना हेच सांगते. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.

घरी येऊन अर्ज उलटा केला. कोऱ्या बाजूवर प्रज्ञाला झाडण्याच्या पाळीसाठी वर्गातली सगळी नावं लिहायला बसवलं. बेचाळीस, मुलगे धरून. मध्येच तिने विचारलं, "मम्मी, मॉनिटरचं पण?" म्हटलं, त्याचं पण.

सकाळचा अभ्यास चालूच राहील. शाळा शिकवत नाही ते मी शिकवीन. पण त्या वर्गातली तिची जागा तिची आहे, ती सोडणार नाही. बाकी पाच जणींच्या घरी जाऊन आले. दोघींच्या आया येतो म्हणाल्या, तिघी गप्प बसल्या. सोमवारची रजा टाकली आहे. या नव्या यादीवर सही होईपर्यंत मॅडमच्या दारात बसेन. सोमवारी नाही झाली तर मंगळवारीही. आणि बोलेन ते मराठीतच.