जागेपणाचं प्रमाणपत्र

नांदगावला पॅसेंजर पाऊण तास उशिरा आली, आणि तेवढ्यात शिमोनकाकांनी मला तीन वेळा विचारलं, "गुरुजी, कागद मिळंल ना?" तिसऱ्या वेळी मी खेकसलोच, "अहो काका, आधी गाडी तर मिळू द्या!" आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती आणि माझं डोकं उन्हाने सकाळीच तापलं होतं.

कागदाची भानगड आधी सांगतो. आमच्या गावची ख्रिस्ती मंडळी म्हणजे अकरा घरं. पगारी पाळक आम्हाला कधी मिळालाच नाही. वीस वर्षं दर रविवारची उपासना चालवली ती शिमोनकाकांनी. पेशाने गवंडी. वाचायचे ते अक्षरावर बोट ठेवून, पण एकदा ऐकलेला अध्याय त्यांच्या डोक्यातून जात नसे. आता वरून फर्मान निघालं होतं, की ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याने उपासना चालवायची नाही. नाशिकला तीन दिवसांचं शिबिर होतं. विषय, प्रार्थनेत आणि शास्त्राभ्यासात जागरूक कसं राहावं. ते पुरं केलं की कागद, नाहीतर काकांची वीस वर्षं संपली. त्यांना लिहायला-वाचायला मदत म्हणून मंडळीने माझंही नाव घातलं.

नाशिकरोडला उतरून आम्ही काळ्या रश्श्याची मिसळ खाल्ली. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुन्हा रस्सा मागून घेतला. मग मी घाईने भलत्याच बसमध्ये चढलो आणि त्यांनाही चढवलं. गंगापूर रस्त्याला जायचं, तर उतरलो थेट पंचवटीत. छत्रीखाली बसलेल्या एका भटजींनी हाक मारली, "कुठले यजमान? दहावा आहे की श्राद्ध?"

काकांनी हात जोडले. "नाय महाराज, आमी येशूवाले. बस चुकलीया."

भटजी हसले. "चुकली तर चुकली. आलाच आहात तर गंगेत पाय धुऊन जा (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात). परतीची बस त्या पुलाच्या तोंडाशी मिळेल."

काकांनी पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि "लय गार वाटलं" म्हणाले. त्या तीन दिवसांत आमच्याशी मोकळेपणाने बोललेला परका माणूस तेवढाच.

शिबिराची जागा मात्र बघत राहावी अशी. चिंचेच्या झाडांमागे जुना दगडी बंगला, शेजारी कौलारू सभागृह, खाली शहाबादी फरशी, आणि कुंपणापलीकडे द्राक्षांचे मळे. पेठ-सुरगाण्यापासून घोटीपर्यंतची पंचवीस-तीस माणसं आली होती, बहुतेक कष्टकरी. शिबिर घेणारे रेव्हरंडसाहेब पुण्याकडचे होते, बोलणं अगदी मऊ. पहिल्याच दुपारी त्यांनी एक टोपली फिरवली. टोपलीत नदीतले सुपारीएवढे गुळगुळीत खडे होते.

"प्रत्येकाने एक घ्या," ते म्हणाले. "प्रार्थनेत आणि शास्त्राच्या पाठाला तो मुठीत धरायचा. झोप आली की मूठ सुटते आणि खडा पडतो. तीनदा पडला की प्रमाणपत्र नाही. आणि प्रार्थनेत डोळे मिटलेलेच हवेत. ज्याचे उघडे दिसले, त्याचं नाव तिथल्या तिथे कापणार."

त्यांचे स्वतःचे डोळे उघडे असल्याशिवाय आमचे उघडे कसे दिसणार, हे विचारायची छाती कुणाचीच झाली नाही. माझीही नाही.

पहिल्या दुपारी काकांचा खडा पडला. प्रवासाने दमलेला म्हातारा, खरोखरच पेंगला होता. दुसऱ्या दिवशी पाठाचं वाचन लांबलं, वारा पडलेला, आणि पुन्हा टक्क आवाज झाला. रेव्हरंडसाहेबांनी शांतपणे वहीत काकांच्या नावापुढे दुसरी फुली मारली.

तेव्हापासून काकांनी जे काही चालवलं ते बघवत नव्हतं. जिभेखाली लवंग काय, दर तासाला नळाखाली डोकं काय! तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आमरस होता. कुणीतरी आंब्याच्या पाट्या पाठवल्या होत्या. काकांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "मी शिवणार नाय, गुरुजी. रसानं सुस्ती येती. आज जागं ऱ्हायचंय." मी त्यांचीही वाटी संपवली.

माझा खडा एकदाही पडला नव्हता, पण खरं सांगू? त्या तीन दिवसांत माझी एकही प्रार्थना झाली नाही. सगळा जीव त्या मुठीत. शास्त्राचा पाठ चालू असला की मी बोटं आवळून पाहत असे, आणि पाठ कशावर होता हे संपल्यावर मला सांगता येत नसे. शेवटच्या प्रार्थनेला तर मी डोळे किलकिले करून काकांकडेच बघत बसलो होतो. त्यांचा खडा पडू नये ही काळजी होतीच. मला निव्वळ कंटाळाही आला होता.

म्हणून मी पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, रेव्हरंडसाहेब आमच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर. काका ताठ बसले होते. ओठ हलत होते. गावातल्या घरांची नावं एकामागून एक घेत होते, कुणाचा ताप, कुणाचं बाळंतपण. आणि मग गावी रविवारी करतात तसे, घमेलं झेलायला करावेत तसे, त्यांनी दोन्ही हात पुढे पसरले. खडा आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या सबंध सभागृहात एकच माणूस खरा जागा होता, आणि त्याचाच खडा फरशीवर पडून माझ्या पायापर्यंत घरंगळत आला.

रेव्हरंडसाहेब वळले. "शिमोन, झोप लागली होती?"

काका गोंधळले. पसरलेल्या हातांकडे बघत राहिले. "न्हाई साहेब... म्हंजे... ठावं नाय. मी तर मागणं मागत व्हतो."

"सगळे असंच म्हणतात." साहेबांनी सभेवरून नजर फिरवली. "कुणी पाहिलं का? कुणाचे डोळे उघडे होते?"

मी तरी बोलायला हवं होतं. 'मी पाहिलं' या दोन शब्दांत काकांचा कागद होता आणि माझं नाव कापलं जाणार होतं. कागद मला कशाला हवा होता? सोबत म्हणून गेलेला मी! पण शाळेत चौथीच्या पोरांपलीकडे मला कुणी विचारत नव्हतं, आणि कागदावर माझं नाव सुंदर अक्षरात लिहिलेलं मी दुपारी टेबलावर पाहून ठेवलं होतं. हवा होता मला तो. मी डोळे खाली घातले.

परतीच्या गाडीत काका खिडकीशी बसले. निफाडला सांगू, लासलगावला सांगू, असं म्हणता म्हणता मनमाड आलं. तिथे गाडी बराच वेळ थांबली. मी दोन चहा आणले. कप हातात धरून काका म्हणाले, "गुरुजी, मला वाटायचं मी देवाशी बोलतोय. इतकी वर्सं झोपेतच बोलत असंल."

"तसं नाही हो काका," मी म्हणालो.

"मंग कसं?"

मी चहा प्यालो. गाडी सुटली.

माणसं विचारतात, नाशिक कसं वाटलं. मी चिंचांची सावली सांगतो, द्राक्षांचे मळे सांगतो, मिसळ सांगतो. जागं कसं राहावं हे शिकायला गेलो होतो, आणि तोंड मिटून कसं राहावं हे शिकून आलो. लाज वाटते, पण उपासना मीच चालवतो. कागद माझ्याकडे आहे ना!

परतल्यावरच्या पहिल्याच रविवारी मी पुढे उभा राहिलो. काका शेवटच्या रांगेत, भिंतीला न टेकता बसले होते. मी विचारलं, कुणाचं काही मागणं आहे का. काका उठले आणि अकरा घरांदेखत म्हणाले, "गुरुजी, माझ्यासाठी मागा. मला प्रार्थनेत झोप लागती. देवाला म्हनावं, या म्हाताऱ्याला जागं कर."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात देवाला सांगितलं, की शिमोनकाकांची झोप काढून घे, त्यांना जागं कर. सगळ्यांनी आमेन म्हटलं. सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता.