तिया खात नव्हती

गेल्या रविवारी संध्याकाळी शेजारची थोको चहाला आली होती. ती मूळची आफ्रिकेतल्या मलावीची, इथे ऑकलंडमध्ये नर्स आहे. आम्ही बॉटनी डाउन्सला राहायला आलो तेव्हा सगळ्यात आधी हीच केक घेऊन दारात उभी होती...

आई सध्या पुण्याहून आमच्याकडे आली आहे. तिने दाण्याचे लाडू केले होते, आणि पाहुण्याला पोटभर खाऊ घातल्याशिवाय ती सोडत नाही. थोकोने मात्र एक घास खाऊन लाडू बशीत ठेवून दिला. आवडला नसेल म्हणून आईने लगेच चिवडा पुढे केला.

मग थोकोने सांगितलं. तिच्या बहिणीची दोन वर्षांची तिया तिकडे हॉस्पिटलमध्ये होती. यंदा गावात मका पिकला नाही, घरात एकवेळचंच खाणं, त्यात मलेरिया... पोर अगदी वाळून गेली होती. अशा मुलांना तिथे शेंगदाण्याची गोड पेस्ट देतात, चव थेट या लाडवासारखी. तिया ती तोंडातच घेत नव्हती. नाकात नळी घालून दूध चाललं होतं.

मला आपलं वाटायचं, उपाशी मुलापुढे खाणं ठेवलं की झालं. थोको म्हणाली, फार उपासमार झाली की भूकच मरते. मूल मागत नाही, रडतही नाही... नुसतं पडून राहतं. तिकडच्या वॉर्डात तिने अशी खूप मुलं सांभाळली, त्यातली काही गेलीही. ती हे अगदी सरळ सांगत होती.

तेवढ्यात बहिणीचा व्हिडिओ आला. तिया भोकाड पसरून रडत होती आणि बहिणीच्या हातातलं त्या पेस्टचं पाकीट ओढत होती. तोंडभर पेस्ट माखलेली. थोको हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

आईला इंग्रजी फारसं कळत नाही. ती माझ्यावरच वैतागली. "अगं, बाळ एवढं रडतंय आणि ही हसते काय?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. पाकीट संपलं म्हणून रडतेय, तिला अजून हवंय... हॉस्पिटलात अजून बरेच दिवस काढायचे आहेत, पण पोरगी खायला लागली.

भूक लागणं ही केवढी मोठी गोष्ट असते, हे मला त्या दिवशी कळलं. आईने तो व्हिडिओ पुन्हा लावायला लावला आणि फोनवर वाकून त्या पोरीला मराठीतच म्हणाली, "रड गं बाई, चांगली मोठ्यानं रड."