हाताची पकड

लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात मी भूल देतो. भुलीसोबत स्नायू सैल करणारं औषधही द्यावं लागतं; ऑपरेशननंतर अंगात ताकद परत आली की नाही, हे पाहायला अंगठ्याजवळ तारा लावून एक छोटं यंत्र जोडतात. आमचं कपाटात असायचं. मी रुग्णाला "माझा हात दाबा" म्हणायचो, तेवढ्यावर भागायचं.

कंधारकडच्या एका बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. सगळा जन्म शेतात गेलेला. त्यांनी हात असा दाबला की माझी बोटं कळवळली. "सिस्टर, बाईंचा हात बघा, पक्कड आहे नुसती," असं हसत म्हणून मी घशातली नळी काढली.

मिनिटभरात ओठ निळे पडले. डोळे उघडे, माझ्यावर रोखलेले, आणि छाती हलेना. मी मास्क लावून फुगा दाबत राहिलो. खुरपं धरून घट्ट झालेला हात अर्ध्या ताकदीतही जोरातच दाबणार, हे तेव्हा सुचलं. घशाचे, छातीचे स्नायू अजून सैलच होते.

बाई वाचल्या. बाहेर त्यांच्या नवऱ्याला मी सांगितलं, "कफ अडकला होता."

दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर त्या म्हणाल्या, "कफ न्हवता, साहेब. मला समदं ऐकू येऊन राहिलं होतं. तुमी हसले तेबी. दम घ्यायची ताकदच न्हवती."

नवरा शेजारीच उभा होता, माझ्याकडे बघत.

"भुलीत असं वाटतं," मी म्हणालो. त्यानं मान डोलावली. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

यंत्र आता रोज लावतो. पण त्या खरं बोलत होत्या, हे आज पहिल्यांदा सांगतोय.