वन्संचे तीन डागांचे कॅन

वन्संचा संसार कॅनवर तरंगतो, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो. त्यांचे यजमान तेलाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन धुऊन, खूण म्हणून बुडाला तापल्या खिळ्यानं तीन डाग देऊन मच्छीमारांना विकायचे. जाळी तरंगत ठेवायला ते लागतात. यजमान डावखुरे, म्हणून सगळे त्यांना डावरेबुवा म्हणत. त्यांची गाठही उलटी बसायची, ती फक्त वन्संनाच सुटे.

वादळाच्या सकाळी ते कुणाची तरी होडी वर ओढायला गेले, ते गेलेच. पाणी ओसरलं तेव्हा किनाऱ्यावर वाळू दिसत नव्हती. बाटल्या, चपला, खुर्च्यांचे पाय, औषधांच्या डब्या. नगरपालिकेनं सफाईला बायका घेतल्या, त्यात वन्सं पहिल्या. मी त्यांच्या सोबतीला. कॅन दिसला की त्या आधी बूड बघत, मग पोत्यात टाकत.

"मावशी, कॅनला पत्ता विचारताय का?" मुकादम म्हणाला.

"विचारते. माणसं कुठं सांगतात?"

तीन डागांचे पुष्कळ सापडले. "हा विकलेला," म्हणून त्या पुढे वाकत. परतताना रोज मला बजावत, "वहिनी, देवाकडे ह्यांचं येणं माग. शांती-बिंती मागू नकोस हं." मी तसंच मागत होते. पण डोळे मिटले की समोर किनाराच यायचा. वाटायचं, प्रत्येक बाटलीत कुणीतरी शेवटचा श्वास सोडून झाकण घट्ट लावलंय.

आज खडकांच्या फटीत अडकलेला एक कॅन मी ओढून काढला. बुडाला तीन डाग. मुठीला दोरी, आणि दोरीला माणसाच्या काखेतून जाईल एवढं मोठं वळं. गाठ उलटी. वाटलं, पोत्यात तळाशी दडपावा. देवाला ठाऊक आहे, अर्धा दडपलाही होता.

"वहिनी, बघू."

बूड त्यांनी पाहिलंच नाही. गाठीवर बोट फिरवलं, मग वळ्यात स्वतःचा हात खांद्यापर्यंत घातला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"हाही विकलेला असेल," मी म्हणाले.

"विकताना दोरी देत नव्हते ते."

दोरी पाण्यानं फुगली होती. गाठ सोडवायला त्यांना फार वेळ लागला, पण कुणाचा हात लागू दिला नाही. मग कॅन पोत्यात टाकला. त्यानंतर दिवसभर जो कॅन हाती आला, तो न बघताच टाकत गेल्या.

घराच्या वळणावर थांबल्या. "वहिनी, आजपासून ते मागू नकोस."

"मग काय मागू, वन्सं?"

"तुलाच काय सुचेल ते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी देवापुढे बसले खरी, पण काही न मागताच उठले.