डाव्या बाजूचं मडगार्ड

होळीला माणसं गावी येतात ती पोरांना कपडे घेऊन, घरात गूळ-तेल घेऊन. गोरख आला तो जीपचं मडगार्ड घेऊन. एसटीत ते उभं ठेवलं की कलंडायचं, आडवं टाकलं की वाट अडायची. शेवटी मांडीवर घेऊन बसला, लग्नातल्या करवलीनं कलश धरावा तसा. विक्रमगडला चढलेल्या एका म्हातारीनं हात फिरवून विचारलं, बाळाचा पाळणा का रे? कंडक्टर म्हणाला, पाळणा नाही आजी, गाईची गव्हाण आहे. अख्खी गाडी हसली. गोरखही हसला, पण मडगार्डावरचा हात त्यानं काढला नाही.

खोडाळ्याच्या पुढं एका पाड्यावर त्याचं घर. तिथून तो वसईला गेला तेव्हा लेक रविना बायकोच्या, रखमीच्या, कडेवर होती. तिथं एका शेठच्या कारखान्यात जुन्या गाड्यांचे फायबरचे भाग बनतात. कंपनीनं कधीच बंद केलेली फियाट, अँबॅसिडर, जुनी जीप. त्यांचा पत्रा सडला की नवा मिळत नाही. मग मूळ भागावरून साचा काढायचा, साच्याला मेण चोपडायचं, आत काचेचं कापड पसरून ब्रशनं रसायन पाजायचं. सुकलं की अलगद सोडवायचं. हुबेहूब तोच भाग बाहेर येतो, पत्र्याहून हलका. या कामात गोरखचा हात बसला होता. फक्त काचेच्या कापडाची बारीक कूस अंगातून जात नसे. दगडानं घासून आंघोळ केली तरी मानेला, कोपराला चावत राही. गावी आला की रखमी त्याचे कपडे वेगळे धुवायची, नाहीतर ती कूस घरभर सगळ्यांना लागायची.

कपडेच काय, तोही घरात वेगळाच पडला होता. होळी, दिवाळी, लावणीचे चार दिवस, एवढाच त्याचा वावर. रविना दहावीला गेली होती. बाप आला की ती चटई टाकायची, घासलेल्या तांब्यातून पाणी द्यायची आणि दाराला टेकून उभी राहायची, सोयरा आल्यावर राहतात तशी. घरचा काळ्या कुत्रा त्याच्यावर भुंकायचा. रखमी कुत्र्याला दटावायची, "आपलाच हाय रे." दर खेपेला त्या कुत्र्याला हे सांगावं लागे, आणि दर खेपेला ते गोरखला ऐकावं लागे.

या वेळी मात्र गोष्ट निराळी होती. शहरातला शौकीन माणूस एकदा बॉनेट घेतो आणि मग वर्षानुवर्षं गाडी पुसत बसतो. शेठला नवं गिऱ्हाईक हवं होतं. तो म्हणाला होता, "तेरे उधर पहाड में पुरानी जीप बहुत चलती थी ना? जाके देख, लोग पार्ट लेगा क्या. लेगा तो साचा तेरे को देता. घर बैठ के बना." घर बैठ के, एवढंच गोरखच्या कानात राहिलं. नमुना म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं डाव्या बाजूचं मडगार्ड घडवलं आणि कारखान्यात कधी कशावर घेतली नसेल एवढी मेहनत त्याच्यावर घेतली.

होळी पेटली, नाचून झालं आणि गोरख मडगार्ड पाठीला बांधून निघाला.

पहिला गेला खोडाळ्याच्या पुंजाकडे. एके काळी पुंजाची जीप बाजाराच्या दिवशी माणसांनी अशी लादलेली असायची की चाकं दिसायची नाहीत. आता तिचा सांगाडा परसात होता आणि मागच्या सीटखाली कोंबडी अंड्यावर बसली होती. पुंजानं मडगार्ड दोन्ही हातांनी चाचपलं. असाच बाक होता, म्हणाला, अगदी असाच. मग तो सांगायला लागला. मडगार्डावर दोघे इकडे, दोघे तिकडे, बॉनेटवर तिघे. ड्रायव्हरला वाट दिसावी म्हणून मधल्यानं घाटभर मान वाकडी ठेवायची, आणि एकदा एका मधल्याची मान तशीच राहिली ती लग्नातसुद्धा सरळ झाली नाही. हसून हसून पुंजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं चहा पाजला. गोरखनं विचारलं, मग घेशील का? पुंजा म्हणाला, "घेऊ की. का नाय घ्यायचं?"

मोखाड्यातही तेच झालं. साखरशेतला एकानं मडगार्ड अंगणात ठेवून म्हाताऱ्या आईला त्याच्यावर बसवलं, कारण ती म्हणे माहेरी जायची ती याच्यावरच बसून. आणू की, घेऊ की, तुझ्याकडून नाही तर कोणाकडून घ्यायचं. जव्हारला उत्तमभाऊंच्या दुकानामागं त्यांच्या वडिलांची फियाट ताडपत्रीखाली उभी होती. उत्तमभाऊंनी गल्ला सोडून येऊन ताडपत्री उचलली, वडील कसे रविवारी गाडी धुवायचे आणि घरातल्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत ते सांगितलं. पुढचा भाग बनवशील ना, असं त्यांनीच विचारलं. जाताना शेवेची पुडी हातात दिली.

गोरख हवेत होता. संध्याकाळी घरी आला की कुडाच्या पलीकडची जागा पावलांनी मोजायचा. इथं मांडव, इथं साचा, रसायनाला ऊन लागू नये म्हणून इकडून ताट्या. रखमी चुलीपुढून बघायची. म्हणाली एवढंच, की मांडव घातलास तर शेळ्या कुठं बांधायच्या. गोरखला ते बोलणंसुद्धा गोड लागलं. घरच्या माणसाशीच असं बोलतात. एका संध्याकाळी रविनानं दारातून विचारलं, ते काचेचं कापड असतं तरी कसं? तो सांगत बसला आणि ती चक्क खाली बसली.

शेवटी तो जिवाबाबाकडे गेला. शेवटी ठेवला होता तो मुद्दाम. या भागातली पहिली जीप जिवाबाबाची. गोरखची वरात तिच्यातूनच आली होती. आत म्हाताऱ्या आणि पोरं भरलेली, नवऱ्याला जागाच नाही. तेव्हा गोरख बाशिंग बांधून डाव्या मडगार्डावर बसला होता. रखमी पुढच्या सीटवर. घाटात तो पडू नये म्हणून उघड्या बाजूनं हात काढून तिनं त्याच्या शेल्याचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तोवर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

ती जीप आता मोहाच्या झाडाखाली उभी होती. इंजिन कधीच विकलेलं. टायरांच्या जागी दगड. डावं मडगार्ड सडून त्याच्या झालरी झाल्या होत्या. जिवाबाबा बाजेवर बसून मोहाची फुलं निवडत होता. गोरखनं विचारलं, लावून दाखवू का? म्हातारा म्हणाला, लाव की.

गंजलेले नट सुटता सुटेनात. रॉकेल पाजून, ठोकून ते काढले. जुना पत्रा हातातच कुसकरला. मग नवं मडगार्ड बसवलं आणि भोकाला भोक लागलं, कुठं कानस मारावी लागली नाही. पाड्यावरची माणसं जमली होती. कोणीतरी काच पुसली, कोणी बॉनेटवरचा पाचोळा झाडला. लांबून बघितलं तर जीप नुसती उभी होती, मेलेली नव्हती. आता ड्रायव्हर येईल आणि हाक मारील, चला मोखाडा, मोखाडा.

जिवाबाबा उठला. काठी टेकत एक चक्कर मारली. मडगार्डावर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "हे काढ."

गोरखला वाटलं काही चुकलं. बाक चुकला का, उंची चुकली का.

"काही नाय चुकलं. तीच आली परत. म्हनून तर काढ म्हनतो. सडलेली होती तवर मला ठाव होतं, गेली. आता ही अशी राहिली तर सकाळी उठून मी चावी शोधीन." खाली बसत त्यानं विचारलं, "बाकीचे काय म्हनाले?"

सगळे घेतो म्हणाले, असं गोरखनं सांगितलं.

"कधी आनतोस, असं इचारलं का कोनी? उजव्या बाजूचं कुठं हाय, असं?"

गोरख आठवत राहिला. कोणीच विचारलं नव्हतं.

"पोरा, तू ज्याच्या दारात गेलास, त्याच्या बापाची, त्याच्या जवानीची गोष्ट काढलीस. आन तुला कोन नाय म्हनंल? आपल्यात दारात आलेल्याला नाय म्हनतात का? वसईला जाऊन येवढं इसरलास?"

म्हाताऱ्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. गोरखनं नट काढले. जमलेली माणसं एकेक करून पांगली. जिवाबाबानं त्याला ओंजळभर मोहाची फुलं दिली, घरी भाजून खा म्हणाला.

घरी येऊन त्यानं रखमीला सगळं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"तुला ठाव होतं?" त्यानं विचारलं.

"तू पुंजाकडून आलास तवाच."

"मंग बोलली का नायस?"

सूप थांबलं. "मला बी 'घेऊ की' हेच ऐकायचं होतं," रखमी म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता, "शेठला सांग ना, लोक घेतो बोलतात म्हनून. खोटं कुठं हाय त्यात? बोलले तर खरंच. साचा येईल. पावसाळाभर तरी ऱ्हाशील. लावनीला मजूर बघावा लागनार नाय. पुढचं पुढं."

तिनं आजवर कधी त्याला राहा म्हणून म्हटलं नव्हतं. गोरखच्या डोळ्यांपुढं मांडव उभा होता, त्याच्याखाली रसायनाचा वास, दुपारी कांजी घेऊन येणारी पोर. एक शब्द टाकायचा होता, बस. आणि तो शब्द शेठनंच मागितला होता.

मोबाइलला रेंज यायला टेकाडावरच्या करवंदीच्या जाळीपर्यंत जावं लागे. गोरख चढला. रविना त्याच्यामागून आली, शेळ्या बघायला म्हणून. वर पोचून तो नुसता बसला. मनात त्यानं मडगार्डं घडवली, कुडाला ओळीनं लावली. मग पुंजाला बोलावणं धाडलं. पुंजा येणार नव्हता. तो नाहीही म्हणणार नव्हता. तो बाजाराला जाताना वाट बदलणार होता. साखरशेतचा तो माणूस गोरख समोरून येताना दिसला की शेताच्या बांधाला उतरणार होता. ज्यांनी चहा पाजला, म्हातारीला मडगार्डावर बसवून दाखवलं, त्या सगळ्यांनी त्याला चुकवत फिरायचं. घरी राहायला मिळालं असतं, पण असल्या गावात.

त्यानं फोन लावला. शेठनं लगेच विचारलं, "बोल गोरख. कितना लोग बोला?"

"सब बोला, शेठ," गोरख म्हणाला. "लेकिन लेगा कोई नहीं."

शेठला ते कळलं नाही. गोरखनं दोनदा सांगितलं. मग शेठनं विचारलं, कल सुबह आता क्या, एक अँबॅसिडरका बॉनेट अर्जंट है.

फोन ठेवला तेव्हा रविना समोर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "तुला खोटं बोलता येत नाय तर आला कशाला होतास?" ती म्हणाली आणि शेळ्या तिथंच टाकून उतारावरून धावत खाली गेली. गोरखनं शेळ्या हाकल्या. त्या त्याला ओळखत नव्हत्या. वाट सोडून पळत होत्या, आणि त्या गोळा करता करता त्याला अंधारलं.

रखमीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. जेवण वाढताना म्हणाली, "सकाळची गाडी नको. उद्या राब भाजायचाय, माझ्या एकटीच्यानं आग आवरत नाय. दुपारची धर."

"शेठनं सकाळी बोलावलंय."

"दुपारची धर," ती परत म्हणाली.

सकाळी वारा पडलेला होता. पावसात भाताची रोपं टाकायच्या तुकड्यावर, खाचरातल्या राबावर, मायलेकींनी आधीच शेण, त्यावर फांद्या, पाला, वरून माती पसरली होती. रखमीनं वरच्या बाजूनं आग लावली. गोरख एका कडेला हिरवी डहाळी घेऊन उभा राहिला, रविना दुसऱ्या कडेला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. आग हळूहळू खाली सरकत होती. मधेच वारा उठला, ठिणगी त्याच्या बाजूच्या गवतावर उडाली. तो वाकेपर्यंत तीच धावून आली, डहाळीनं चार फटके मारले आणि त्याला म्हणाली, नुसता उभा राहू नकोस, पायाखाली बघ.

तो पायाखाली बघू लागला. दुपारची एसटी यायला अजून अवकाश होता, आणि अर्धा राब भाजायचा राहिला होता.